पुस्तकांच्या कपाटाशेजारी पाळणा

या महिन्यात उत्तरासाठी निवडलेल्या तिन्ही पत्रांचा विषय एकच आहे. घरात बाळ येणार आहे आणि पुस्तकांनी जागा अडवली आहे. पहिल्या पत्राला सविस्तर उत्तर दिले आहे, कारण त्यात जागेपेक्षा माणसांचा प्रश्न मोठा आहे.

प्रश्न: स.न.वि.वि. आम्ही डोंबिवलीत वन बीएचके घरात राहतो. मी, माझे पती आणि सासरे अशी आम्ही तीन माणसे आहोत. मला सातवा महिना लागला आहे. माहेरी आईला एकटीला सगळे झेपणार नाही, म्हणून बाळंतपणासाठी मी तिकडे न जाता तीच इकडे येणार आहे. सासरे माध्यमिक शाळेत मराठी शिकवत असत. त्यांची पुस्तके बाहेरच्या खोलीत चार उभ्या कपाटांत दुहेरी रांगांनी भरलेली आहेत, शिवाय दिवाणाखाली गठ्ठे आहेत. आतल्या खोलीत पतींची वकिलीची आणि स्पर्धा परीक्षांची पुस्तके एका कपाटात आणि पलंगाच्या वरच्या फळीवर आहेत. सासऱ्यांकडे विषय काढला की ते ‘बघू’ म्हणून उठून जातात. गणपतीला ते दहा-बारा दिवस गावी जाणार आहेत. तेवढ्यात त्यांची निम्मी पुस्तके देऊन टाकावी, परत आल्यावर दोन दिवस रागावतील आणि विसरून जातील, असे पतींचे म्हणणे आहे. मला हे पटत नाही, पण दुसरा मार्गही दिसत नाही. काय करावे?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर: तुम्हाला हे पटत नाही तेच बरोबर आहे. सासरे गावी गेलेले असताना त्यांच्या कपाटाला कोणीही हात लावू नये. ते दोन दिवसांत विसरतील, ही यजमानांची अटकळ मला खरी वाटत नाही. ज्या माणसाने पगारातून थोडे थोडे बाजूला काढून पुस्तके घेतली, त्याला प्रत्येक पुस्तक कुठल्या फळीवर कितव्या जागी आहे हे डोळे मिटून सांगता येते. शिवाय बाळ आल्यानंतर दिवसभर घरात असणारे आणि तुम्ही अंघोळीला गेलात तर बाळाकडे पाहणारे तेच असणार आहेत. त्या नात्याची सुरुवात अशा प्रसंगाने होऊ देऊ नये.

आता जागेचा हिशेब करू. पुस्तकांनी घर भरले असे आपल्याला वाटते, कारण ती डोळ्यांसमोर उभी असतात. प्रत्यक्षात तीन फूट रुंद आणि एक फूट खोल कपाट जमिनीची तीन चौरस फूट जागा घेते. सासऱ्यांची चारही कपाटे उद्या काढली तरी बारा चौरस फूट सुटतील. साध्या दिवाणाखाली याच्या दीडपट जमीन जाते. म्हणून कोणती पुस्तके काढायची हा प्रश्न आधी विचारू नये. कोणाला कुठे किती जागा लागणार आहे, हे टेप घेऊन मोजावे आणि कागदावर लिहावे.

पहिल्या सहा महिन्यांत बाळाला स्वतःची म्हणून फार थोडी जागा लागते. झबली, टोपडी, लंगोट आणि दुपटी यांना कपाटातले दोन कप्पे पुरतात. बाळाने आईच्या खोलीतच, पण उताणे आणि सपाट, घट्ट अंथरुणावर झोपावे, उशा आणि मऊ गाद्या जवळ नसाव्यात, असे डॉक्टर सांगतात. पाळणा बारशापुरता नातेवाइकांकडून आणण्याची पद्धत अजून बऱ्याच घरांत आहे, आणि बाळ येण्याआधी पाळणा आणू नये असे मानणारेही अनेक आहेत, त्यामुळे त्याची घाई नाही. खरी जागा लागते ती मोठ्या माणसांना. तुमच्या आई तुमच्यासोबत आतल्या खोलीत झोपतील, म्हणजे यजमान बाहेर सासऱ्यांच्या खोलीत येतील आणि तिथे रात्री दोन अंथरुणे पडली पाहिजेत. मालिश करणाऱ्या बाईंना पाय पसरून बसायला भिंतीलगत मोकळी जागा हवी. पावसाळा लांबला तर दुपटी घरातच वाळत घालावी लागतील, त्या दोरीखाली पुस्तके नकोत, कारण सतत दमट हवेत राहिलेल्या पुस्तकांना पंधरा दिवसांत कुबट वास येऊ लागतो.

हे सगळे मांडले की लक्षात येईल, की अडचण मुख्यतः आतल्या खोलीत आहे आणि तिथली पुस्तके यजमानांची आहेत. सुरुवात तिथूनच व्हावी. पलंगावरची फळी तर याच आठवड्यात रिकामी करून काढून टाकावी; बाळंतीण आणि बाळ जिथे झोपणार, तिथे डोक्यावर वजन नसावे. मध्यम जाडीची दहा-बारा पुस्तके एका फुटात बसतात आणि त्यांचे वजन आठ-दहा किलो भरते. चार फुटांच्या फळीचा हिशेब तुम्हीच करा.

वकिलीची आणि परीक्षांची पुस्तके काढणे सोपे असते, कारण ती जुनी झाली की निरुपयोगी होतात आणि त्यावर वाद होऊ शकत नाही. भारतीय दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदा यांच्या जागी १ जुलै २०२४ पासून नवे तीन कायदे लागू झाले आहेत. त्याआधीचे खटले अजून जुन्याच दंड संहितेखाली चालतात, म्हणून वकिली करणाऱ्याने मूळ कायद्याची एकेक प्रत ठेवावी, पण त्यांवरची विद्यार्थ्यांसाठीची मार्गदर्शके आता कोणाच्याच उपयोगाची नाहीत. वस्तू आणि सेवा कर २०१७ मध्ये आला, तेव्हा विक्रीकरावरची आणि व्हॅटवरची पुस्तकेही जाऊ द्यावीत. राज्यसेवा मुख्य परीक्षेला २०२५ पासून वर्णनात्मक स्वरूप देण्याचा निर्णय झाल्यानंतर बहुपर्यायी प्रश्नांचे जुने संच बाळगण्यात अर्थ उरलेला नाही. ही पुस्तके कुठल्याही अभ्यासिकेला देऊ नयेत. गरीब विद्यार्थ्याला कालबाह्य पुस्तक देणे म्हणजे त्याचे वर्ष वाया घालवणे. ती थेट रद्दीत जावीत. यजमानांनी स्वतःचे कपाट निम्मे रिकामे केले आणि ते सासऱ्यांच्या डोळ्यांदेखत केले, तर पुढचे बोलणे पुष्कळ सोपे जाईल.

सासऱ्यांशी बोलताना ‘पुस्तके कमी करा’ असे म्हणू नये. त्याचे उत्तर ‘बघू’ हेच येणार. त्यांना माप द्यावे: ही भिंत आणि ही तीन कपाटे तुमची, त्यात काय राहील हे तुम्ही ठरवायचे, चौथे कपाट आणि दिवाणाखालची जागा दसऱ्यापर्यंत हवी आहे. हे बोलणे यजमानांनी करावे, कारण वडिलांचा विषय मुलाने काढलेला बरा. निवड मात्र पूर्णपणे त्यांची असू द्यावी. तुमच्या दृष्टीने फाटके आणि पिवळे पडलेले एखादे पुस्तक त्यांनी ठेवले आणि नवे कोरे देऊन टाकले, तरी चकार शब्द काढू नये. मराठी शिकवणाऱ्या माणसाकडे पाठ्यपुस्तकांचे जुने संच, शिक्षक हस्तपुस्तिका, एकाच पुस्तकाच्या दोन-तीन आवृत्त्या आणि शाळेच्या समारंभांत मिळालेली भेटीची पुस्तके असतातच, आणि त्यातले काय जाऊ शकते हे त्यांना आपल्यापेक्षा चांगले कळते. मराठी विश्वकोशाचे खंड असतील, तर ते आता विश्वकोश मंडळाच्या संकेतस्थळावर मोफत वाचता येतात, आणि ‘किशोर’ मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक बालभारतीनेही संकेतस्थळावर ठेवले आहेत, एवढी माहिती त्यांना द्यावी. त्या माहितीचे काय करायचे ते त्यांच्यावर सोडावे. नातवाला मांडीवर घेऊन ‘किशोर’चा छापील अंक दाखवण्याची त्यांची इच्छा असेल, तर तो अंक कपाटातच राहिलेला बरा.

द्यायची पुस्तके कुठे द्यावीत, हेही त्यांनाच ठरवू द्या. त्यांची शाळा, गावाकडचे वाचनालय, एखादा जुना विद्यार्थी अशी नावे त्यांच्याच डोक्यात असतील आणि तिथे पुस्तक गेल्याचे दुःख कमी होते. वाचनालयात पोते घेऊन थेट जाऊ नये. महाराष्ट्रात १९६७ च्या ग्रंथालय कायद्यानुसार मान्यता मिळालेली अ, ब, क, ड वर्गांची वाचनालये आहेत. त्यांतल्या शहरातल्या मोठ्या वाचनालयांकडे जागेची तुमच्याइतकीच टंचाई असते, तर लहान गावातल्या ड वर्गाच्या वाचनालयाला चांगल्या स्थितीतल्या कथा-कादंबऱ्यांचे आणि मुलांच्या पुस्तकांचे मोल असते. लेखक, पुस्तक, प्रकाशक आणि वर्ष अशी साधी यादी करून आधी फोन करावा. ही यादी सासऱ्यांच्या अक्षरात झाली तर गावी जाताना पहिला गठ्ठा त्यांच्याबरोबरच जाऊ शकेल.

देण्यापूर्वी प्रत्येक पुस्तक पुठ्ठ्यांना धरून उलटे करावे आणि हलकेच झटकावे. जुन्या पुस्तकांतून पिंपळाची जाळीदार पाने आणि एसटीची तिकिटे पडतातच, पण विम्याच्या पावत्या, जन्मपत्रिका आणि क्वचित नोटाही निघतात. ‘सप्रेम भेट’ लिहिलेले पान फाडू नये. त्यामुळे पुस्तकाची शिवण सुटते. आठवण ठेवायची असेल तर पानाचा फोटो काढावा.

एक गोष्ट तुमच्यासाठी. यातले काहीही तुम्ही उचलू नये आणि धूळ झटकली जात असताना त्या खोलीत थांबूही नये. पुस्तके उतरवण्याआधी माळ्यावरचे पाहायला यजमानांना सांगा. मिक्सरचे आणि दूरचित्रवाणीचे रिकामे खोके, फाटक्या गाद्या, लग्नात आलेली आणि कधीही न वापरलेली भांडी हे सारे पुस्तकांच्या आधी घराबाहेर जायला हवे. मात्र रिकाम्या झालेल्या माळ्यावर पुस्तके चढवू नयेत. तिथे उष्णता आणि झुरळे दोन्ही असतात, आणि वर गेलेले पुस्तक पुन्हा खाली येत नाही.

जी तीन कपाटे राहतील, ती एल-क्लॅम्प लावून भिंतीला पक्की करून घ्या. मुले नऊ-दहा महिन्यांची झाली की हाताला येईल ते धरून उभी राहतात आणि भरलेले कपाट पुढे झुकायला फळीवर टाकलेला छोटासा भार पुरतो. जाडजूड खंड सर्वांत खालच्या फळीवर घट्ट बसवावेत. त्यामुळे कपाटाचा तोल खाली राहतो आणि ते ओढून काढणे लहान हातांना जमत नाही.

प्रश्न: आमचे घर रत्नागिरीजवळ आहे. वडिलांच्या पुस्तकांना कसर लागू नये म्हणून आई वर्षानुवर्षे कपाटात डांबराच्या गोळ्या ठेवते. आता त्याच खोलीत माझी पत्नी आणि नवजात बाळ राहणार आहेत. वास फार येतो, पण गोळ्या काढल्या तर पुस्तके जातील असे आईचे म्हणणे आहे. काही पुस्तकांवर बुरशीचे ठिपकेही आहेत. पत्नीची प्रसूती डिसेंबरमध्ये अपेक्षित आहे.
– एक वाचक, रत्नागिरी जिल्हा

उत्तर: गोळ्या काढाव्यात आणि त्या आजच काढाव्यात. या प्रश्नात मधला मार्ग नाही. या गोळ्यांमध्ये बहुधा नॅफ्थलीन असते आणि ते हळूहळू वाफ होऊन हवेत मिसळते. काही बाळांच्या शरीरात जी-सिक्स-पीडी नावाचे विकर (एन्झाइम) जन्मतःच कमी असते. अशा बाळाचा नॅफ्थलीनशी संपर्क आला तर त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि तीव्र कावीळ होऊ शकते. आपल्या बाळात ही कमतरता आहे की नाही, हे तपासणी केल्याशिवाय कळत नाही. हाच नियम कपड्यांनाही लागू आहे. ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांसोबत ठेवलेली जुनी दुपटी, गोधड्या आणि लोकरीचे कपडे बाळाच्या अंगाला लावण्यापूर्वी धुऊन उन्हात नीट वाळवलेले असावेत, वास पूर्ण जाईपर्यंत ते वापरू नयेत. आईंनी जपून ठेवलेल्या बाळंतविड्यात हे हमखास घडते, म्हणून मुद्दाम लिहिले.

पुस्तकांची काळजी वेगळ्या रीतीने घेता येईल. पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरच्या कोरड्या दिवसांत कपाट पूर्ण रिकामे करावे, फळ्या कोरड्या फडक्याने पुसाव्यात आणि पुस्तके पडवीत वाऱ्याला उभी, पाने थोडी उघडी ठेवून मांडावीत. कडक उन्हात ठेवू नयेत, पाने ठिसूळ होतात. बुरशीची पुस्तके आधी वेगळी काढावीत, बाहेर अंगणात तोंडाला फडके बांधून मऊ ब्रशने झाडावीत आणि ती पुन्हा बाळाच्या खोलीत आणू नयेत. त्यांतली ज्यांची पाने चिकटली आहेत ती वाचवण्याचा खटाटोप करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. एखाद्याच मोलाच्या पुस्तकाला कसर लागली असेल तर ते प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून दोन आठवडे फ्रीजरमध्ये ठेवावे, कसर मरते. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नये, नाहीतर पानांवर पाणी धरते. पोथ्यांच्या दप्तरात वेखंडाची पुरचुंडी ठेवण्याची आपल्याकडची जुनी रीत आईंना नक्की ठाऊक असेल आणि डांबराच्या गोळ्यांऐवजी ती सुचवली तर त्या ऐकतीलही. मात्र तेच वेखंड गुटीत उगाळून बाळाला द्यायचे की नाही, हे बालरोगतज्ज्ञांना विचारूनच ठरवावे.

कपाट भिंतीपासून दोन-तीन बोटे पुढे असावे; कोकणात भिंतीची ओल कपाटाच्या पाठीतून पुस्तकांत उतरते. वाळवीसाठी औषध मारायचे असेल तर ते प्रसूतीच्या बरेच आधी, पत्नी घरात नसताना व्हावे. शक्य असेल तर हे कपाट माजघरात हलवा. नवजात बाळाच्या खोलीत जुन्या कागदांचा एवढा साठा असण्याचे कारण मला दिसत नाही.

प्रश्न: मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी साताऱ्याला आमच्याकडे येत आहे. तिच्या खोलीत माझे दिवाळी अंक आहेत, सुमारे चाळीस वर्षांचे. सौभाग्यवती म्हणते, सगळे रद्दीत द्या. मला तसे करवत नाही. यांना काही मोल आहे का?
– एक वाचक, सातारा

उत्तर: काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी घरांत हा साठा होतच आला आहे. मोल आहे, पण सगळ्याला नाही. सुट्या अंकांना फारसे कोणी विचारत नाही. एकाच नियतकालिकाचे सलग दहा-पंधरा वर्षांचे अंक असले, तर त्या संचाला मोठी ग्रंथालये आणि अभ्यासक विचारतात, कारण त्यांच्याकडच्या संचात मधले एखादे वर्ष बहुधा गहाळ असते. म्हणून अंक वर्षांप्रमाणे न लावता नियतकालिकांप्रमाणे लावावेत आणि कोणते वर्ष नाही याची नोंद करावी. मग पुण्याच्या किंवा मुंबईच्या जुन्या ग्रंथसंग्रहालयांना पत्र लिहून, नेमके कोणते अंक त्यांना हवे आहेत ते विचारावे. साहित्यिक अंकांना, व्यंगचित्रांच्या अंकांना आणि नावाजलेल्या चित्रकारांच्या मुखपृष्ठांना मागणी येण्याची शक्यता अधिक असते. राशिभविष्याचे, पाककृतींचे आणि जाहिरातींनी फुगलेले अंक सौभाग्यवतींच्या म्हणण्याप्रमाणे जाऊ द्यावेत, त्यात त्यांचाही मान राहील.

ग्रंथालयांचे उत्तर यायला महिना-दोन महिने लागतील आणि मुलगी त्याआधी येईल. तोवर अंक आडवे, एकावर एक दहापेक्षा जास्त नाहीत असे, खोक्यांत भरून देवघराच्या किंवा बैठकीच्या कोरड्या कोपऱ्यात हलवावेत. उभे ठेवले तर त्यांच्या पाठी वाकतात. मधल्या पिना गंजलेल्या असतील तर त्या पातळ सुरीने सोडवून काढाव्यात आणि अंक जाड दोऱ्याने बांधावा. गंजलेल्या पिना फरशीवर सांडू देऊ नयेत. काम झाल्यावर त्या खोलीत लोहचुंबक फिरवून मगच अंथरूण घालावे.

स्वतःजवळ किती ठेवावेत, असे तुम्ही विचारलेले नाही, तरी सांगतो. एक ट्रंक भरेल एवढे ठेवा. मुलगी सव्वा महिना, कदाचित तीन महिने राहील. रात्री बाळाला पाजताना तिला जाग असते आणि मोबाइलपेक्षा दिवाळी अंकातली एखादी जुनी कथा तिला बरी वाटू शकेल. त्या ट्रंकेत काय ठेवायचे, हे तिला एकदा फोन करून विचारावे.